खोबऱ्यानं पेट घेतला पाहिजे

"तुमची मशीन बिघडली असेल, मॅडम," स्मिता वहिनी फोनवर म्हणाल्या. आवाज शांत होता. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मशीन ठीक होती. त्याच सकाळी मी ती तपासली होती. त्यांच्या मालवणी मसाल्यात पीएएच नावाचे पदार्थ मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघाले होते आणि तसा रिपोर्ट माझ्या सहीने त्यांच्याकडे गेला होता.

मी परळच्या एका खाजगी फूड लॅबमध्ये ॲनालिस्ट आहे. लोक खायच्या वस्तू पाठवतात. त्यात काय आहे आणि काय नसायला हवं होतं, ते आम्ही सांगतो. मी घोडपदेवच्या चाळीत वाढले. वडील आधी गिरणीत, मग एका बिल्डिंगवर वॉचमन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एम.एस्सी.चं सर्टिफिकेट आईने फ्रेम करून देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलं, आणि गणपतीत आलेल्या प्रत्येकाला आधी ते दाखवलं, मग गणपती. मला माझ्या शिक्षणाचा अभिमान आहे, हे मी लपवत नाही. या प्रकरणात तो थोडा आडवा आला, म्हणून आधीच सांगून टाकते.

पीएएच म्हणजे काय, तेही साध्या भाषेत सांगते. लाकूड, कोळसा, चरबी, तेल, यातलं काहीही अर्धवट जळलं की धूर होतो. त्या धुरात चिकट, तेलकट असे बरेच पदार्थ असतात. त्यातल्या एका मोठ्या कुटुंबाला पीएएच म्हणतात. बेंझोपायरीन हा त्यातला सगळ्यात बदनाम, कारण त्याचं नाव कॅन्सरशी जोडलेलं आहे. निखाऱ्यावर मटण किंवा मासा भाजताना चरबी खाली ठिबकते, धूर उठतो आणि तो धूर परत त्याच मटणाला जाऊन चिकटतो. एका जेवणाने कुणाला काही होत नाही. पण जो माल रोज हजारो लोकांच्या ताटात जाणार, त्यात हे किती चालेल याची हद्द ठरलेली असते. युरोपातली हद्द कडक आहे.

आणि स्मिता वहिनींचा मसाला जर्मनीला जाणार होता.

लालबागला तळमजल्यावर एक गाळा, सात बायका आणि पहिलीच परदेशी ऑर्डर. त्या ऑर्डरच्या भरवशावर त्यांनी गाळा घेतला होता. तिकडच्या व्यापाऱ्याने मसाल्याची चव बघून माल पसंत केला होता. फक्त लॅबचा रिपोर्ट बाकी होता. रिपोर्ट पास नाही तर ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नाही तर गाळा सोडायचा. इतकं सरळ होतं ते.

आम्ही प्रत्येक सॅम्पलचा थोडा भाग सील करून कपाटात ठेवतो. त्याला रिटेन सॅम्पल म्हणतात. ग्राहकाने शंका घेतली की तो उघडायचा आणि पहिल्यापासून टेस्ट करायची. मी केली. आकडा तोच आला.

आमच्या टेक्निकल मॅनेजर प्रधान मॅडम. त्यांच्यासमोर मी दोन्ही रिपोर्ट ठेवले. त्या म्हणाल्या, फोनवर समजूत काढत बसू नकोस, जा आणि त्या मसाला कसा करतात ते बघून ये. सोबत प्रत्येक घटकाचं वेगळं सॅम्पल आण. धूर कुठल्या वाटेने आत येतोय ते त्यातून कळेल.

मी आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवली आणि गेले. गाळा आरशासारखा होता. बायकांच्या डोक्याला टोप्या, हातात मोजे, भिंतीला नवा चुना. मला खुर्ची दिली, त्यावर धुतलेला टॉवेल टाकला. चहासोबत नारळाच्या वड्या आल्या. स्मिता वहिनी पन्नाशीच्या, आधी एका शाळेत क्लार्क होत्या. बोलणं मोजकं. त्यांनी सगळं रांगेत करून दाखवलं. मिरच्यांची देठं काढली. धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, दगडफूल एकेक करून गॅसच्या भट्टीवर कढईत भाजलं. सुक्या खोबऱ्याचा कीस तव्यावर मंद आचेवर बदामी केला. सगळं थंड करून दळलं. कोळसा नाही, लाकूड नाही, करपलेला एक दाणा नाही. मी सगळं लिहून घेतलं आणि समोर तयार झालेल्या मसाल्यासकट दहा-बारा पुड्या घेऊन परतले.

एकही पुडी दोषी निघाली नाही. समोर केलेला मसालाही स्वच्छ.

आता इथे माझी चूक झाली. मी विचार केला, प्रक्रिया चांगली आहे, म्हणजे पहिल्या बॅचला मिरच्याच वाईट आल्या असणार. काही ठिकाणी पावसाळी दिवसांत मिरच्या धुरावर सुकवतात, हे मी वाचलेलं होतं. माझ्या डोक्यात ते फिट्ट बसलं. मी वहिनींना फोन केला आणि एखाद्या डॉक्टरसारखं सांगितलं की मिरचीचा लॉट बदला, नवीन बॅच करा, पाठवा, काम झालं समजा. त्यांनी मला आशीर्वाद दिले. त्या दिवशी मी घरी जाताना जरा ताठ चालत होते.

नवी बॅच आली. मिरची वेगळी, आकडा आधीपेक्षा किंचित जास्तच.

प्रधान मॅडमनी कागद बघितला आणि चष्मा काढला.

"मनीषा, तू तिथे बघितलंस ते त्यांचं रोजचं काम होतं, की तुझ्यासाठी केलेलं?"

पोचायच्या आधी फोन करून गेलेली मी. आमच्या चाळीत पाहुणे येणार म्हटलं की आई काय काय पलंगाखाली ढकलायची, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मॅडम दुसऱ्या कुणाला फाइल देऊ शकत होत्या. देणं त्यांच्या हातात होतं आणि मीही तेच धरून चालले होते. त्या म्हणाल्या, "चूक तुझी आहे, म्हणून शोधायचं पण तूच." मशीनवर आधीच मोठ्या कंपन्यांची कामं लागलेली होती. त्यातून त्यांनी मला वेळ काढून दिला आणि वर कुणाला काय सांगितलं ते मला कधी कळू दिलं नाही. माणसं वरिष्ठांबद्दल बरंच बोलतात. मला बोलायचं असेल तर एवढंच आहे.

मी दोन बाटल्या टेबलावर घेतल्या. एकीत माझ्यासमोर केलेला मसाला, दुसरीत नव्या बॅचचा. लॅबमध्ये सॅम्पलचा वास घ्यायचा नाही, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. अनोळखी केमिकलच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण हा मसाला होता. मी झाकणं उघडली.

पहिल्या बाटलीला मसाल्याचा वास होता. दुसरीला रविवारचा.

आमच्याकडे रविवारी मटण असायचं. आई खोबऱ्याची अख्खी वाटी चिमट्यात धरून स्टोव्हच्या जाळावर फिरवायची. वाटीला तेल सुटायचं, ती भुरकन पेटायची, आई फुंकर मारायची, परत जाळावर धरायची. सगळी चाळ त्या वासाने भरायची. तोच वास. भिंगाखाली मसाला पसरला तर त्यात खोबऱ्याच्या पाठीचे काळे कण स्पष्ट दिसत होते. तव्यावर भाजलेल्या किसाला अशी काळी पाठ येत नाही. मशीनने मला धूर आहे इतकंच सांगितलं होतं. तो कशाचा, ते नाकाने सांगितलं, आणि ते नाक मला आईने दिलेलं. कॉलेजने त्यासाठी फी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फोन न करता लालबागला गेले. बायका बरण्यांना लेबलं लावत होत्या. टोप्या खुंटीला होत्या. मी दोन्ही बाटल्या वहिनींसमोर ठेवल्या आणि म्हटलं, "वहिनी, हे खोबरं तव्यावर भाजलेलं नाही."

मग लेबलं लावणाऱ्यांपैकी एक, मान वर न करता म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलेलं, या बाईंपासून लपवू नका म्हणून."

वहिनी खाली बसल्या आणि त्यांनी सांगितलं. खोबरं गाळ्यात भाजलंच जात नव्हतं. काळाचौकीच्या एका चाळीतून, इंदूमावशींकडून, डब्यातून भाजून यायचं. मावशी म्हणजे या मसाल्याच्या मूळ मालकीण. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांची खानावळ होती, आणि हा मसाला त्या खानावळीचा. लायसन्सवर पत्ता फक्त गाळ्याचा होता. मी लॅबची म्हणजे सरकारी, चाळीतली शेगडी बघितली तर लायसन्स जाणार, असं सगळ्यांना वाटलं. म्हणून त्या दिवशी कीस तव्यावर भाजून दाखवला. हाच तो मसाल्यातला फरक, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या दृष्टीने खोबरं भाजलं होतं, बस.

मी म्हटलं, मी सरकारी नाही. पण खायचा माल लायसन्स नसलेल्या जागेत करणं चूकच आहे आणि ते आजपासून थांबवावं लागेल. आणि या दोन बॅच विकता येणार नाहीत. लालबागच्या कुठल्याही दुकानात तो माल दोन दिवसांत खपला असता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. वहिनींनी माझ्यासमोर दोन्ही बॅचच्या बरण्या बाजूला काढल्या आणि त्यावर खडूने फुल्या मारल्या. नंतर तो माल रीतसर नष्ट केल्याचा कागद आमच्याकडे आला. अशी माणसं ग्राहक म्हणून मिळाली, हेही माझं नशीबच.

मग त्या मला काळाचौकीला घेऊन गेल्या.

दुसरा मजला, गॅलरीचं टोक. इंदूमावशी पाटावर बसलेल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे सुजलेले, नजर मात्र चोख. समोर कोळशाची शेगडी आणि परातीत खोबऱ्याच्या वाट्या. वहिनींनी मी कोण ते सांगितलं. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खंयची गो तू?"

मी म्हटलं, घोडपदेवची, गाव कणकवलीकडे.

"मगे तुका म्हायत नाय? खोबऱ्याक पेट घेवक होयो. पेट घेतल्याशिवाय चव येना नाय." आणि त्यांनी मला करूनच दाखवलं. वाटी निखाऱ्यावर उपडी टाकली. तेल सुटलं, थेंब निखाऱ्यावर पडला, जाळ उठला, काळा धूर वाटीभोवती गुंडाळला गेला. पुस्तकात या गोष्टीचं चित्र असतं, तितकं ते नेमकं होतं.

मी माझं शिकलेलं सगळं बोलायला लागले. मावशींनी दोन मिनिटं ऐकलं आणि मग थांबवलं. सासू असंच भाजायची, त्या स्वतः चाळीस वर्षं असंच भाजत होत्या, गिरणीच्या तीन पाळ्या त्यांच्या हातचं जेवून गेल्या. "कोण मेलो, सांग."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. विज्ञानाकडेही नाही. या वाटीमुळे हा माणूस गेला, असं कुणीच सांगू शकत नाही. मी ते तसंच कबूल केलं. मग त्यांच्याकडे स्टीलचं एक स्वच्छ झाकण मागितलं, पेटलेल्या वाटीवर वीतभर अंतरावर थोडा वेळ धरलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, पुसा. त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं. काळं निघेना, नुसतं पसरलं. बोटाला चिकट लागलं. त्यांनी राखेने घासलं, तेव्हा कुठे गेलं.

मी म्हटलं, "मावशी, झाकण घासता येतं. खोबरं कसं घासणार? आणि तुम्ही रोज इथे बसता, तुमची छाती कशी घासणार?"

त्यांनी झाकण परातीशेजारी उपडं ठेवलं. मग मालवणी सोडून, परक्या माणसाशी बोलावं तशा साध्या मराठीत वहिनींना म्हणाल्या, "म्हणजे माझं काम गेलं."

तेव्हा मला कळलं की या सगळ्यात खरं काय पणाला लागलं होतं. सातजणींचा गाळा होताच. पण या बाईंनी खानावळ बंद केली, नवरा गेला, मुलगा विरारला राहायला गेला, आणि दिवसाला हे एक काम उरलं होतं. वहिनींनी ते लपवलं त्यात लायसन्सची भीती होती, तशी हीसुद्धा होती.

मी म्हटलं, काम जाणार नाही, फक्त चूल बदलेल. हे मी धाडसानेच बोलले. चव राहील की नाही ते मला ठाऊक नव्हतं. आणि त्या व्यापाऱ्याने पसंत केलेली चव म्हणजे तोच धूर होता.

मावशींना हाताला धरून सावकाश दोन मजले उतरवलं आणि टॅक्सीने गाळ्यात आणलं. तिथे तळमजला असल्यामुळे जिना नव्हता. भट्टीशेजारी त्यांना उंच खुर्ची दिली. पहिल्यांदा माझ्या पद्धतीने केलं: खोबऱ्याचे काप ट्रेमध्ये, ओव्हनमध्ये, ठरलेलं तापमान. रिपोर्ट सुंदर आला. मावशींनी एक काप तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "ह्यां हॉस्पिटलातल्या पेशंटाक दे." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, कारण खरं होतं ते.

मग वहिनींना सुचलं की मसाला वेलची घालू, तिला धुराचा वास असतोच. मला मोडता घालावा लागला. ती मोठी काळी वेलची बहुतेक ठिकाणी धुरावरच सुकवतात, म्हणून तर तो वास. पुढच्या दाराने काढलेला धूर मागच्या दाराने आला असता.

तिसऱ्या वेळी मी बाजूला झाले आणि मावशींना विचारलं, जाळ न लावता तुम्ही काय कराल? त्यांनी जाड बिडाचा तवा मागवला. खोबऱ्याचे पातळ काप करायला लावले, कीस नको म्हणाल्या, कीस एका बाजूने जळतो. आच बारीक. पाऊण तास त्या एकट्या उलथनं फिरवत बसल्या. आमचं दोघींचं भांडण होतं ते शेवटच्या पाच मिनिटांचं. त्या म्हणत, अजून. मी म्हणत होते, तव्यावर धुराची पहिली रेघ दिसली की उतरवायचं, त्यापुढे एक मिनिटही नाही. शेवटी त्यांनीच खूण सांगितली. खोबरं भाजताना बारीक तडतडतं. ते तडतडणं थांबलं की लगेच उतरवायचं, धूर त्यानंतर येतो. त्यांना ते ऐकू येत होतं. मला ऐकायला तीन घाणे लागले.

रंग गडद तपकिरी आला, काळा नाही. दगडफूल थोडं वाढवलं आणि थेंबभर तेलात परतून घातलं, ही त्यांचीच युक्ती. मसाला दळला. मावशींनी चिमूट जिभेवर ठेवली. "तसो नाय," त्या म्हणाल्या. "पण खोटो पण नाय."

सॅम्पल मशीनवर लागलं तेव्हा मी तिथेच उभी होते. आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. मी आधी मावशींना फोन केला, मग वहिनींना. क्रम चुकला असेल, पण मला तसाच करावासा वाटला.

व्यापाऱ्याला वहिनींनी नवं सॅम्पल पाठवलं आणि चव का बदलली ते न लपवता लिहिलं. चार दिवस उत्तर नाही. ते चार दिवस गाळ्यात कुणी धड जेवलं नाही, असं मला नंतर कळलं. मग मेल आला: चव थोडी सौम्य आहे, चालेल, पण सुरुवातीला ठरल्यापेक्षा कमी माल घेऊ. ऑर्डर उशिरा गेली आणि लहान गेली. पण गेली. गाळा राहिला. दुसऱ्या ऑर्डरला माल वाढला.

प्रत्येक कारखान्यात एसओपी नावाचा कागद भिंतीवर लावतात, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या पायऱ्या. त्या गाळ्यातला एसओपी मी लिहिला. त्यात तापमान आहे, वेळ आहे, आणि त्याखाली "तडतडणं थांबताच उतरवणे" असंही आहे. ऑडिटर त्या ओळीला पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून जातात. मी ती ओळ खोडू दिलेली नाही. आता मावशी आठवड्यातून तीन दिवस येतात, दोघी तरुण बायकांना ते ऐकायला शिकवतात. खोकला कमी झालाय, असं त्या स्वतः म्हणतात. मी डॉक्टर नाही, मी त्यावर काही म्हणत नाही.

एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, रविवारी घरच्या मटणापुरती एक वाटी निखाऱ्यावर भाजली तर चालेल का? मी म्हटलं, कधीतरी चालेल, काळी पाठ खरवडून काढा आणि गॅलरीचं दार उघडं ठेवा. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. दोनदा रस्सा घेतला.

या इंदूमावशींची, स्मिता वहिनींची आणि प्रधान मॅडमची मी ऋणी आहे. तिघींनीही मला माझ्या चुकीपेक्षा मोठं धरलं.

बाकी धडा म्हणाल तर छोटा आहे. लॅबच्या चेकलिस्टमध्ये मी एक प्रश्न वाढवला: या मालातली कुठली वस्तू या जागेबाहेर तयार होऊन येते, आणि ती कोण करतं? आतापर्यंत बऱ्याच ठिकाणी विचारलाय. पहिल्या भेटीत सगळीकडे एकच उत्तर मिळतं, "काहीच नाही." म्हणून आता मी दोनदा जाते, आणि दुसऱ्यांदा फोन करत नाही.